ढील

सुई तुटली तेव्हा शेजारच्या मशीनवरची मिमिन बोलतच होती. पिशवीचा जाड पट्टा मशीनखाली सरकवताना रेंगानिसचा पाय नको तितका दाबला गेला, चाक भर्रकन फिरलं आणि सुईचं टोक टिचकन उडून खाली कापडाच्या तुकड्यांत कुठेतरी गेलं. "बघ, तुलाही राग आला ना!" मिमिन म्हणाली. रेंगानिसने मान वर केली नाही. "काय म्हणालीस? परत सांग," एवढंच ती म्हणाली. "अगं तेह, परवा आपल्या कडे चढणाऱ्यांच्या क्लबात ठरलं. बाळंत झालेल्या बाईने मूल वर्षाचं होईपर्यंत दुसऱ्याचा दोर धरायचा नाही. स्वतः चढायचं तर खुशाल चढा, पण खाली उभं राहून कुणाला सांभाळायचं नाही. कांग उजाने फळ्यावर लिहूनही टाकलं. वर म्हणतो कसा, आईचा जीव पोरात अडकलेला असतो, त्यात तिचा काय दोष!" मिमिन हसली, मग हसू तसंच ठेवून तिने पोटावर हात ठेवला. तिसरा महिना होता. नवरा आणि रेंगानिस सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. "म्हणजे पुढच्या वर्षी माझी पाळी. मी कुणाचा दोर धरायचा नाही, तर माझा कोण धरणार? मी तिथे जाऊन काय करू, चहा? तुझ्यावरून निघालं हे सगळं, म्हणून तुला सांगितलं. तुला बोल नाही लावत हं. तुझ्या जागी कुणीही असती तरी..." आणि ती थांबली. रेंगानिस वाकून तुटलेलं टोक शोधत होती. सापडलं नाही. तिने डबीतून नवी सुई काढली आणि मिमिनला चेहरा दिसू नये म्हणून मशीनवर आणखी वाकून ती बसवली.

त्यात तिचा काय दोष. हे वाक्य गेले साडेतीन महिने तिच्याभोवती होतं. नवरा म्हणाला होता, सासू म्हणाली होती, क्लबातले झाडून सगळे म्हणाले होते, आणि प्रत्येक वेळी ते ऐकताना अंगावर कुणी ऊन पाणी घालावं तसं तिला वाटलं होतं. आता ते नियम होऊन फळ्यावर चढलं होतं. खडूने लिहिलेलं, मोठ्या अक्षरांत, क्लब चालवणाऱ्या उजाच्या त्या वाकड्या हातवळणात. न पाहताच तिला ते दिसलं. ती शिवत राहिली. डोंगर चढणाऱ्यांसाठी पाठपिशव्या शिवणारी बांडुंग शहराच्या एका गल्लीतली ही जागा, आठ मशिनं, वर पत्रा, आणि दुपारी तापलेल्या पत्र्याचा, रबराचा, मेणाचा एकत्र वास. पट्ट्याला दुहेरी टाका, मग आडवा, मग फुलीचा. माणसाचा भार ज्यावर येतो तिथे फुली घालायची, हे तिला तेह इमासने शिकवलं होतं. तेह इमासनेच तिला इथे कामाला लावलं होतं, आणि त्याआधी, ती सतरा वर्षांची असताना, पादालारांगच्या त्या चुनखडीच्या कड्यापाशी नेऊन उभी केली होती. तेह म्हणजे थोरली बहीण, जसा कांग म्हणजे थोरला भाऊ. पण रेंगानिसच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने तिच्यासाठी इतकं काही केलं नव्हतं.

अकरा वर्षं त्या दोघी एकमेकींच्या दोराला होत्या. एक वर चढे, दुसरी खाली उभी राही. वरचीने पुढे हात टाकला की खालचीने वीतभर ढील द्यायची, वरची थकून "ताण!" म्हणाली की दोर ओढून घट्ट धरायचा, म्हणजे ती निर्धास्त अंग सोडून लोंबकळू शकते. बाकी काही नाही. पण हे बाकी काही नसणं अकरा वर्षं केलं की दुसरीचा श्वास आपल्या तळहातात यायला लागतो. इमास कुठे घाबरते, कुठे उगाच घाई करते, कुठे शिवी हासडते, हे रेंगानिसला मान वर न करता कळे. इमास एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. नवरा कधीच सोडून गेला होता, त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "त्याला दोर बांधलाच नव्हता मी, गेला." कड्याच्या पलीकडे चुन्याच्या खाणी होत्या. दिवसभर पांढरी धूळ उडायची, केळीची पानंही पांढरी, घरी परतताना दोघींच्या पापण्या पांढऱ्या. रस्त्याच्या कडेला आंबवलेल्या कसाव्याच्या कंदाचे तुकडे दोऱ्यांना टांगून विकायला ठेवलेले असत, त्यातला एक तोडून खात खात त्या बसची वाट पाहायच्या. रेंगानिसला पुढे लग्नाच्या दिवशीदेखील इतकं पुरेपूर काही वाटलं नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

मुलगी, किनांती, जन्मली तेव्हा तीस तास लागले. त्या तीस तासांत रेंगानिस मनातल्या मनात कडा चढत राहिली, एकेक पकड, एकेक खाच, आणि दर वेळी वरून कुणीतरी पुन्हा खाली आणून सोडत राहिलं. नंतर अंग तिचं राहिलं नाही. सासूने, मा एचिनने, पोटावर लांबलचक पट्टा गुंडाळून आवळला, दुधासाठी पाल्याचं सार पाजलं, चाळीस दिवस दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मा एचिन प्रेमळ बाई. सुनेच्या न्हाणीपासून सगळं तिने केलं. पण रेंगानिस पोरीला मांडीवर घेऊन बसली की आपले दंड बघत बसे. ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे मऊ झाले होते. कंबरेची हाडं सुटी झाल्यासारखी वाटत, उठताना आपण कोसळू असं वाटे. पोरगी दूध प्यायला लागली की तिला आपण एखादं भांडं आहोत असं वाटायचं, भरायचं, रितं व्हायचं. आणि मग पोरगी तोंड सोडून तिच्याकडे बघून हसली की छातीत असं काही पिळवटायचं की त्या आधीच्या विचाराची लाज वाटायची. दोन्ही खरं होतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं की दोन्ही खरं असू शकतं. एकदा घरात कुणी नसताना तिने दाराच्या चौकटीला बोटं लावली आणि पाय उचलले. मनात तीन आकडे मोजेपर्यंत ती खाली आली होती. मग तिने तिथेच भिंतीला डोकं टेकलं आणि रडली, आणि आतून पोरगी रडायला लागली, म्हणून ती आत गेली.

पाचव्या महिन्यात इमास आली. येताना त्याच रस्त्यावरचा कसाव्याचा घोस घेऊन आली. पोरीला तिने सराईतासारखं उचललं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि म्हणाली, "पकड चांगली आहे. आईची कशी आहे?" रेंगानिस घोसाचा दोरा सोडवू लागली. "रविवारी चल, निस." "तेह, मला नाही जमणार आता." "नाही जमलं तर खाली बसून मला नावं ठेव. मी काय कमी नावं ठेवते?" मा एचिन दारात उभी राहून ऐकत होती. तिला या लटकण्याचं काहीच कळत नसे. पण सुनेचा चेहरा तिने पाच महिने पाहिला होता. ती म्हणाली, "मी येते बरोबर. पोरीला मी सांभाळीन. फक्त दूध पाजून मग लटक, नाहीतर मी तिला काय चुना चाटवू?" इमास इतकी हसली की पोरगी दचकली.

त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि खाणीला सुट्टी असल्यामुळे धूळही नव्हती. बांबूच्या मांडवात मा एचिनने चटई पसरली, पोरीला कापडाने अंगाशी बांधलं. रेंगानिसने आधी सगळ्यात सोपी वाट धरली, आठ वर्षांच्या मुली चढतात ती. निम्म्यावर पाय लटलट कापायला लागले. वरच्या पकडीपर्यंत हात पोचला पण बोटांनी वजन घेतलंच नाही, आणि छाती दगडाला घासली तशी दूध आलं, सदरा भिजला, चुनखडीवर ओला डाग पडला. खालून इमासचा आवाज आला, "आहे मी. बस अंग सोडून." ती बसली. लोंबकळत राहिली. खाली उतरल्यावर इमासने काही न बोलता आपली ओढणी तिच्या खांद्यावरून पुढे टाकली आणि स्वतःचे बूट घालायला बसली. "आता मी जाते. उजवीकडच्या वाटेने. दोर अडकवायला दगडात नवे बोल्ट मारलेत उजाने, बघू किती धीराचे आहेत." रेंगानिसने दोर आपल्या कंबरपट्ट्याच्या कडीतून ओवला. तळहाताला दोर लागला आणि तिला एकदम घरी आल्यासारखं झालं.

इमास चढत गेली. पहिला बोल्ट, दुसरा, तिसरा. हात आपसूक चालत होते. आणि मग रेंगानिसची नजर डावीकडे गेली. तिथे कड्यात एक उभी भेग होती. गरोदरपणाच्या आधी ती भेग तिच्या मनात होती, चढायची राहून गेलेली. ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं आणि आतली प्रत्येक कड दिसत होती. उजवा हात खाली आत खुपसायचा, मूठ करायची, डावा पाय त्या बोटभर कपारीवर. मग अंग वळवायचं. तिच्या बोटांना आतला गार दगड लागला. तिथे उभ्याउभ्या, हातात दुसरीचा दोर असताना, ती चढायला लागली. तिचे दंड पूर्वीचे होते. कंबर घट्ट होती. तिला मूल नव्हतं. घर नव्हतं, मांडवात चटई नव्हती, दूध नव्हतं. ती वर वर जात होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की गेल्या कित्येक महिन्यांत तसं वाटलं नव्हतं. किती वेळ ते ती सांगू शकली नसती. ढील देत गेली असावी, हात सवयीने देत गेला असावा, कारण पायाशी दोराचं मोठं वेटोळं पडलं होतं. "ताण" हा शब्द तिने ऐकलाच नाही. ऐकला तो इमासचं अंग सुटल्याचा आवाज, आणि तळहातातून दोर सळसळत जळत गेला, मग तिने धरला, पण तोवर इमास खालच्या पायरीसारख्या दगडावर टाच आपटून कलंडली होती आणि ओरडत होती. मग पोरीच्या रडण्याचा आवाज ऐकू आला. मा एचिन पोरीला छातीशी धरून धावत आली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि जमलेल्या लोकांना तिनेच सांगितलं, "पोर रडत होती ना! आईचं लक्ष जाणारच हो. चूक माझी, मीच हिला जवळ आणलं." सगळ्यांनी रेंगानिसकडे पाहिलं. तिने हो म्हणून मान हलवली.

एवढंच. मान हलवली. त्या क्षणी तिला खोटं बोलायचं नव्हतं, तिला काही बोलायचंच नव्हतं. पण नंतर बोलायची वेळ दर दिवशी येत गेली आणि दर दिवशी टळत गेली. इमासच्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. दोनदा कापावं लागलं, आत पट्टी बसवली, डॉक्टर म्हणाले चालता येईल, पळता येणार नाही. शाळेने तिला मैदानावरून काढून पुस्तकांच्या खोलीत बसवलं. रेंगानिस दर आठवड्याला भेटायला जायची, सार घेऊन, फळं घेऊन, कधी पोरीला घेऊन. इमास पोरीला मांडीवर घ्यायची. "तुझ्यामुळे गं चिमणे, तुझ्यामुळे तुझ्या मावशीचा पाय गेला," असं गमतीत एकदा म्हणालीसुद्धा. रेंगानिस हसली होती. घरी जाताना गाडीत तिने पोरीचं डोकं इतकं गच्च धरलं की शेजारची बाई म्हणाली, "अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या." पाच महिन्यांच्या पोरीवर तिने सगळं ढकललं होतं. आणि आता मिमिनच्या पोटातल्या, ज्याला अजून नखंही नाहीत, त्याच्यावर.

चार वाजता मशिनं थांबली. तिने मा एचिनला निरोप पाठवला की उशीर होईल, बाटलीतलं दूध दे. चढावरच्या वस्तीत इमासचं घर. दारात कुंड्या, आत जमिनीवर पाय पसरून इमास शेंगा मोडत बसली होती. "अरे, आज बुधवार ना? चुकून आलीस का?" ती म्हणाली. रेंगानिस समोर बसली. तिनेही शेंगा उचलल्या. दोन मोडल्या. मग म्हणाली, "तेह, त्या दिवशी मी पोरीचं रडणं ऐकलं नव्हतं."

इमासचे हात चालूच राहिले.

"मी भेगेकडे बघत होते. डावीकडच्या. मी... मनात चढत होते तिथे. तू कुठे आहेस हे विसरले. पोरीलाही विसरले. सगळंच." तिने तिसरी शेंग उचलली, तशीच खाली ठेवली. "सगळे म्हणाले पोर रडली म्हणून, आणि मी हो म्हटलं."

"मला माहीत आहे," इमास म्हणाली.

बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती.

"ताण म्हणताना मी खाली बघितलं होतं. अंग सोडायच्या आधी मी नेहमी बघते. तुझं तोंड डावीकडे वर होतं. मला वाटलं, तरी हात आहे हिचा, अकरा वर्षांचा हात आहे. म्हणून सोडलं अंग." तिने शेंगेचा दोरा सोलून बाजूला ठेवला. "आणि पोरगी तेव्हा रडतच नव्हती. ती माझ्या ओरडण्याने उठली."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझी सासू बोलली आणि सगळ्यांचं भागलं. माझंही भागलं. पोराच्या पायी आईचा हात सुटला, यावर कोण रागावणार? मी रात्रंदिवस स्वतःला तेच सांगितलं. निस आई झाली आहे, निसचा जीव पोरीत आहे. तुझ्या पोरीला मांडीवर घेऊन तिलाही सांगितलं." इमासने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि दमलेले होते. "आईला माफ करणं सोपं होतं गं. आता तू येऊन सांगतेस की आई नव्हतीच तिथे. माझीच निस होती, माझ्याबरोबर चढणारी. तिला मी काय करू?"

रेंगानिसने पुढे होऊन तिच्या पायाला हात लावला. टाचेवरचा व्रण जाड आणि गुळगुळीत होता. इमासने पाय मागे घेतला नाही, पण जवळही आणला नाही.

"क्लबात फळ्यावर लिहिलंय उजाने," रेंगानिस म्हणाली. "बाळंतिणींनी दोर धरायचा नाही म्हणून."

"ऐकलं मी. विचारायला आला होता मला. मी म्हटलं, लिही. मलाही वाटलं, लिहिल्याने ते खरं होईल." इमासने आणखी एक शेंग मोडली. "पुसायला लाव. तूच सांग जाऊन. सगळ्यांसमोर सांग, एकट्या उजाच्या कानात नको."

"रविवारी सांगते. तू येशील?"

"नाही."

"नंतर कधी?"

"ते आज विचारू नकोस." शेंगांचं भांडं तिने उचललं, भिंतीला धरून उठली, आणि लंगडत आत जाताना म्हणाली, "दिवा लागायच्या आत घरी जा. पोरगी वाट बघत असेल." नेहमीसारखं म्हणाली. पण जेवून जा म्हणाली नाही. अकरा वर्षांत या घरातून रेंगानिस न जेवता गेली नव्हती.

रविवारी ती किनांतीला पाठीशी बांधून एकटीच गेली. मा एचिनला तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हातारी म्हणाली, "माझ्या तोंडून निघालं होतं ते. मला वाटलं, मी तुला वाचवते आहे." आणि पोरीची टोपी शोधायला गेली. मांडवात दहाबारा जण होते. उजा बुटांच्या नाड्या सोडवत होता. रेंगानिसने उभ्या उभ्याच सांगितलं, जसं इमासला सांगितलं तसंच, त्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते. बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती. संपल्यावर कुणी म्हणालं नाही की त्यात तुझा काय दोष. एका बाईने घसा साफ केला. उजा उठला, फळ्यापाशी गेला आणि तळहाताने ती ओळ पुसली. पांढरा झालेला हात विजारीला पुसत तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस," आणि मग, "चला, ऊन चढायच्या आत सुरू करू."

माणसं जोड्या करून कड्याकडे निघाली. जोड्या पटापट झाल्या. रेंगानिस चटईवर बसून पोरीला सोडवत होती. मिमिन तिच्याजवळ आली, वाकली, किनांतीच्या गालाला बोट लावलं. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती, आणि आणखीही काही होतं, ते ती लपवू शकत नव्हती. तिचे हे शेवटचेच काही रविवार, मग पोट दिसायला लागणार. "तेह," ती म्हणाली, "मी सोप्या वाटेने जाणार आहे. दोर वरच्या कडीतूनच येतो, तसं काही..." "जा," रेंगानिस म्हणाली. "कुणाबरोबर?" मिमिन सरळ झाली. "कांग उजाबरोबर," ती हळूच म्हणाली. "जा," रेंगानिस पुन्हा म्हणाली आणि पोरीला छातीशी घेतलं. पोरगी भुकेली होती, अधाशासारखी प्यायला लागली. कड्याच्या पायथ्याशी मिमिनने गाठ बांधली, तपासली, पुन्हा तपासली. दगडाला हात लावण्याआधी तिने एकदा मागे वळून पाहिलं. रेंगानिसने हात वर केला. पण मिमिन तिच्याकडे बघत नव्हती. ती उजाच्या हातांकडे बघत होती, नीट, बराच वेळ, आणि मगच तिने पहिलं पाऊल उचललं.